खिडकीत उभं राहून ओढलं की धूर कुठं जातो?



या वेळचा विषय घरचा आहे, म्हणजे हॉस्टेलचा. माझा रूम पार्टनर रोज रात्री जेवून आला की खिडकीत उभा राहतो, गजातून हात बाहेर काढतो आणि सिगारेट पेटवतो. मी काही बोललो की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "का बे, धूर बाहेरच सोडतोय की. तुला कुठं काय होतंय? माझं फुप्फुस, माझा प्रश्न." तो मायक्रोबायॉलॉजीचा आहे, त्यामुळे "वाईट असतं रे" एवढ्यावर ऐकत नाही. पुरावा माग म्हणतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता, फक्त चिडचिड होती.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटच्या तयारीत आहात. "रिसर्च प्रॉब्लेम म्हणजे काय" हे पाठ करण्यापेक्षा पार्टनरचं वाक्य घ्या. त्यात दोन तुकडे आहेत. "माझं फुप्फुस" याबद्दल वाद नाही. "माझा प्रश्न" हा मात्र दावा आहे. नशेचा परिणाम ती करणाऱ्याच्या शरीरातच संपतो, असं तो म्हणतो. हा दावा तपासता येतो. आणि तो तपासताना शास्त्रज्ञ कुठं कुठं अडखळले, हे मला निष्कर्षापेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

आधी मोठं चित्र. २०१० साली 'द लॅन्सेट'मध्ये डेव्हिड नट, लेस्ली किंग आणि लॉरेन्स फिलिप्स यांचा एक पेपर आला. हे नट म्हणजे ब्रिटिश सरकारच्या अंमली पदार्थांविषयीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते, आणि सरकारला न रुचणारं बोलल्याबद्दल २००९ मध्ये त्यांना ते पद सोडावं लागलं होतं. पेपरमध्ये २० पदार्थ १६ निकषांवर तोलले होते. त्यातले ९ निकष वापरणाऱ्याच्या नुकसानीचे आणि ७ इतरांच्या नुकसानीचे. शंभरपैकी सगळ्यात जास्त गुण कुणाला मिळाले असतील? दारूला, ७२. हेरॉइनला ५५ आणि क्रॅक कोकेनला ५४. फक्त वापरणाऱ्याचं नुकसान बघितलं तर हेरॉइन, क्रॅक, मेथअँफेटामिन वर येतात. इतरांचं नुकसान धरलं की दारू सगळ्यांना मागे टाकते. तंबाखूला एकूण २६ आणि गांजाला २० गुण होते.

हा तक्ता भाषणात वापरायचा मोह होतो. थांबा जरा. हे गुण कुठल्या यंत्राने मोजलेले नाहीत. तज्ज्ञ एका कार्यशाळेत बसले, त्यांनी गुण दिले आणि कुठल्या निकषाला किती वजन द्यायचं तेही ठरवलं. शिवाय ते ब्रिटनबद्दल आहे. दारू तिथं भरपूर लोक पितात, म्हणून तिचं एकूण नुकसानही मोठं. एका माणसाने एका रात्री घेतलेल्या एका पेगबद्दल हा तक्ता काहीच सांगत नाही. त्याने एक काम मात्र चांगलं केलं. स्वतःचं नुकसान आणि इतरांचं नुकसान हे दोन वेगळे रकाने असतात, एकात कमी असलं म्हणून दुसऱ्यात कमी असेलच असं नाही, हे त्याने समोर मांडलं.

पण दुसऱ्या रकान्यात आकडा भरायचा कसा? ओढणारा एक आणि आजारी पडणारा दुसरा, हे जोडायचं कसं?

ताकेशी हिरायामा हे टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमधले संशोधक. १९८१ च्या जानेवारीत त्यांचा पेपर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. जपानमधल्या २९ आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या, वय ४० आणि पुढच्या, स्वतः कधीच न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित बायकांवर त्यांनी १४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. प्रश्न साधा होता. नवरा ओढतो का, आणि किती? नवरा न ओढणारा असेल तर बायकोचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला. नवरा पूर्वी ओढायचा किंवा रोज १ ते १९ सिगारेटी ओढतो, तिथं तो १.६१ निघाला. रोज २० किंवा जास्त ओढणाऱ्यांच्या बायकांमध्ये २.०८.

हे तीन आकडे परत वाचा. मात्रा वाढते तसा परिणाम पायरीपायरीने वाढतो, यालाच डोस-रिस्पॉन्स म्हणतात. इथं 'डोस' बायकोने घेतलेलाच नाही. तो नवऱ्याने घेतला आणि वाटला.

आता तुम्ही परीक्षकाच्या खुर्चीत बसा. पहिला आक्षेप काय घ्याल? जास्त ओढणाऱ्यांची घरं वेगळी असतील, गरीब असतील, खाणंपिणं वेगळं असेल. बायकोचा आजार धुरामुळे नसून त्या घराच्या राहणीमुळे असेल. हाच कन्फाउंडर. हिरायामांनी याला दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी नवऱ्याच्या दारूचीही माहिती घेतली होती. पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. उलट बाजूनेही बघितलं. नवऱ्याच्या सिगारेटीमुळे बायकोचा जठराचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग वाढला का? तर नाही. घराची राहणीच दोषी असती तर ती फक्त सिगारेटीतून आणि फक्त फुप्फुसातच का दिसावी? ज्याच्यात परिणाम दिसू नये अशी गोष्ट मुद्दाम तपासायची, याला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात. आपण प्रयोगशाळेत रोज ब्लँक लावतो, तसंच हे माणसांच्या अभ्यासातलं ब्लँक. तुमच्या प्रस्तावात असं एक तरी असू द्या, गाईड खूश होतात.

त्याच वर्षी ग्रीसमधून त्रिखोपुलोस आणि सहकाऱ्यांचा केस-कंट्रोल अभ्यास आला, तोही त्याच दिशेचा. आणि त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या गारफिंकेल यांचा अभ्यास आला, त्यात वाढ किरकोळ आणि संख्याशास्त्रात न टिकणारी. मग कोण खोटं? बहुधा कुणीच नाही. नवरा ओढतो याचा अर्थ बायकोपर्यंत धूर पोचतो, हे गृहीत धरलं होतं. घर लहान आणि बायको दिवसभर घरात असेल तर ते बऱ्यापैकी खरं. घर मोठं, बायको नोकरीला आणि तिथं आजूबाजूचे सगळे ओढणारे, तर 'न ओढणाऱ्याची बायको'सुद्धा धुरातच असते. मग तुलना कुणाशी करणार?

तंबाखू कंपन्यांनी हिरायामांवर हल्ला केला. गणितच चुकलंय म्हणाले, आणि त्यासाठी नेथन मँटेल यांच्या आक्षेपाचा आधार घेतला. हो, तुमच्या अभ्यासक्रमातल्या मँटेल-हेन्झेल चाचणीतले तेच मँटेल. पुढे कंपन्यांचे अंतर्गत कागद बाहेर आले, तेव्हा हिरायामा बरोबर आहेत असं त्यांच्याच सल्लागारांनी सांगितल्याची नोंद त्यात सापडली. एवढ्यावर थांबले नाहीत. हिरायामांना खोडण्यासाठी जपानमध्येच एक अभ्यास करवून घेतला आणि त्यामागचा आपला हात झाकून ठेवला. २००२ मध्ये हाँग आणि बेरो यांनी ही हकिगत त्याच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. म्हणून पेपर वाचताना शेवटची 'फंडिंग'ची ओळ आधी वाचायची सवय लावून घ्या. मी पहिली दोन वर्षं ती वाचतच नव्हतो.

पण कंपन्यांचा एक मुद्दा विज्ञान म्हणून खरा होता. "मी ओढत नाही" असं सांगणाऱ्या काही बायका खरं तर ओढत असतील तर? ओढणाऱ्यांचे जोडीदार ओढणारे असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्या नेमक्या 'धोक्याच्या' गटात जाऊन बसतील आणि आकडा फुगेल. याला मिसक्लासिफिकेशन म्हणतात. हे दुरुस्त करता येतं. १९९७ मध्ये हॅकशॉ, लॉ आणि वॉल्ड यांनी ३७ अभ्यास एकत्र केले. ओढणाऱ्यासोबत राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या व्यक्तीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २४ टक्क्यांनी जास्त, असा आकडा आला, आणि या चुकीचा हिशोब केल्यावरही तो जवळपास तिथंच राहिला. म्हणजे दुप्पट नाही, तर सव्वापट. पहिल्या गाजलेल्या अभ्यासातला परिणाम पुढे आकसतो, हे संशोधनात नेहमीचं आहे. आकसला म्हणजे खोटा ठरला असं नाही.

आणि इतकी वर्षं ज्या कर्करोगावर भांडण झालं, तो या हिशोबात सगळ्यात लहान निघाला. २०११ च्या 'लॅन्सेट'मधल्या अंदाजानुसार २००४ या एका वर्षात दुसऱ्याच्या धुरामुळे जगात सुमारे ६ लाख ३ हजार माणसं गेली. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाची २१,४००. हृदयविकाराची ३ लाख ७९ हजार. आणि श्वसनमार्गाच्या संसर्गाने गेलेली १ लाख ६५ हजार, ती मुख्यतः लहान मुलं. मुलांना घर सोडून गच्चीवर जाता येत नाही.

आता सोलापुरात या. आपल्याकडे हाच अभ्यास करायचा असेल तर काय होईल?

पूर्व भागातल्या एका सर्वेक्षणात मी मदतनीस म्हणून फिरलोय. प्रश्नावलीत लिहिलं होतं, "घरात कोणी धूम्रपान करतं का?" एका घरी मावशी म्हणाल्या, "नाही बाळा." आणि त्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून, आजोबांची विडी चालू होती. मी पेन हातात धरून तसाच उभा. मावशी खोटं बोलत नव्हत्या. धूम्रपान म्हणजे सिगारेट, आणि आजोबा तर 'बाहेर' बसलेत. धूर आत येत होता, पण तो प्रश्नात कुठं होता? आम्ही नंतर तो असा बदलला, "गेल्या सात दिवसांत उंबऱ्याच्या आत किंवा दारात बसून कोणी विडी, सिगारेट, चिलीम ओढली का? किती वेळा?" उत्तरं लगेच बदलली. तीच घरं, तीच माणसं.

मिशरीचंही तसंच. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर मिशरी लावणारी बाई सरळ नाही म्हणते, कारण मिशरी दाताला लावायची असते, ती खाणं नव्हे. आणि मिशरी इथं महत्त्वाची आहे, कारण धूर नसतानाही नशा दुसऱ्यापर्यंत कशी पोचते ते तिने दाखवलंय. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा घरोघरी जाऊन पाठपुरावा केला. २००४ मध्ये तो छापून आला. मिशरी वगैरे बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि वेळेआधी होण्याचं प्रमाणही जास्त होतं. इथं 'इतर' म्हणजे पोटातलं बाळ. हा निष्कर्ष मी वर्गात सांगितला तेव्हा एक जण पटकन म्हणाला, "आईला एवढं कळू नये?" हिरायामांचा अभ्यास सांगितला तेव्हा "नवऱ्याला कळू नये?" असं कुणी म्हणालं नव्हतं. लक्षात ठेवा. आकडा कुणाचं किती नुकसान होतं ते सांगतो, दोष कुणावर टाकायचा हे आपण आपल्या सवयीने ठरवतो आणि आकड्याच्या नावावर खपवतो. त्या बाईच्या हातात मिशरीचा डबा लहानपणी कुणी दिला, हेही विचारायला हवं.

प्रश्न बदलून भागणार नसेल तर शरीरच तपासावं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. निकोटिन शरीरात दोनेक तासांत निम्मं होतं, पण त्याच्यापासून तयार होणारं कोटिनिन निम्मं व्हायला १६ तासांच्या आसपास घेतं. म्हणून लाळेत किंवा लघवीत कोटिनिन मोजतात. जगभर हाच बायोमार्कर चालतो. सोलापुरात मात्र तो तुम्हाला फसवेल. इथं हजारो बायका घरी विड्या वळतात. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतच १० हजार घरं आहेत, विडी कामगारांची. दिवसभर तंबाखू हाताळणाऱ्या बाईच्या कातडीतून आणि नाकातून निकोटिन आत जातं. घरात कुणीच ओढत नसलं तरी तिच्या लघवीत कोटिनिन सापडेल, आणि शेजारी खेळणाऱ्या पोराच्यातही सापडू शकतं. मग तुम्ही नेमकं काय मोजलं? नवऱ्याची विडी की बायकोची मजुरी?

इथं फक्त जळतानाच तयार होणारं काहीतरी शोधावं लागतं. ३-एथेनिलपिरिडिन हा असा एक पदार्थ आहे, निकोटिन जळताना तो बनतो आणि हवेत मोजता येतो. पीएम २.५ चा सेन्सर स्वस्त पडतो, पण घरात चूल असेल तर तिचा धूरही तोच आकडा चढवतो. बघा, जपानमधली पद्धत उचलून आणली की काय होतं. ज्याला पीएचडीसाठी विषय मिळत नाहीये त्याने हा घ्यावा, माझी हरकत नाही.

गांजाबद्दल एक जण मेसेज करून विचारत होता, म्हणून थोडं. दुसऱ्याच्या गांजाने आपल्याला चढते का? जॉन्स हॉपकिन्समध्ये २०१५ च्या सुमारास हे करून बघितलं. सहा ओढणारे आणि सहा न ओढणारे, एका बंद खोलीत तासभर. खोलीत हवा खेळती नव्हती तेव्हा न ओढणाऱ्यांच्या रक्तात टीएचसी आढळलं आणि त्यांना सौम्य परिणामही जाणवला. हवा खेळती ठेवली तर भूक लागण्यापलीकडे फारसं काही नाही. म्हणजे इतरांचं नुकसान हे पदार्थाइतकंच खोलीवर अवलंबून असतं. असा अभ्यास इथं करायचा तर एनडीपीएस कायदा आहे, एथिक्स कमिटी आहे. आणि 'कोण ओढतं' हे तुम्ही नावासकट लिहून ठेवलंत तर तुमची वही कुणाच्या तरी विरुद्ध पुरावा होऊ शकते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं प्रस्ताव लिहिण्याआधी वाचा, नंतर नाही.

कायद्याने यातलं काय उचललं? मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी कोर्टाने दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी ओढण्यावर बंदीचा आदेश दिला. आधार होता घटनेतला जगण्याचा हक्क, आणि तोही न ओढणाऱ्याचा. मग २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी दोनशे रुपयांपर्यंत दंड. पण हा कायदा उंबऱ्यावर थांबतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले ३८.७ टक्के प्रौढ घरातच दुसऱ्याच्या धुरात होते. घराच्या आत दंड करणारं कुणी नाही, तिथं ज्याच्या हातात विडी आहे तोच कायदा.

तर, खिडकी. सिगारेट ओढताना दोन प्रकारचा धूर निघतो. एक झुरक्यातून आत जाऊन बाहेर सोडलेला. दुसरा दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकातून आपोआप निघणारा. दुसरा कमी तापमानाला, अर्धवट जळून तयार होतो, आणि त्यात अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, काही नायट्रोसमाइन्स जास्त असतात. पार्टनर 'बाहेर सोडतो' तो पहिला. दुसऱ्याचं काय करायचं हे वारा ठरवतो. आणि शेवटच्या झुरक्यानंतर माणूस आत येऊन बोलायला लागतो तेव्हाही काही वेळ त्याच्या श्वासातून कण निघत असतात.

हे सगळं सांगूनही तो म्हणाला, "आपल्या खोलीत दाखव." ठीक आहे. शेजारच्या लॅबमधून पीएम २.५ चा छोटा सेन्सर मागून आणला आणि माझ्या उशीवर ठेवला. आधी दोन रात्री तो ओढत नसताना रीडिंग घेतलं, हे आमचं ब्लँक. मग तीन रात्री, नेहमीसारखं खिडकीत. तिन्ही रात्री आकडा चढला. वारा आतल्या बाजूला होता त्या रात्री इतका चढला की तो स्वतःच सिगारेट विझवून सेन्सरजवळ येऊन बसला. खाली यायला किती वेळ लागतो ते बघत आम्ही चहा करून प्यायलो, तरी पहिल्या जागी आला नव्हता. तीन रात्री म्हणजे काही पेपर होत नाही, एन किती ते विचारू नका. उदबत्ती लावलेली नव्हती, एवढी काळजी घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो ओढायला वर जातो. सोडली नाही, सोडायचं म्हणतोही नाही, आणि मीही तो विषय काढत नाही. सेन्सर शुक्रवारी परत द्यायचाय. त्याआधी एक रीडिंग घ्यायचं राहिलंय. गच्चीच्या जिन्याला लागून एक खोली आहे, तिचं दार नीट लागत नाही, आणि तिथं पहिल्या वर्षाची दोन पोरं राहतात. काल रात्री पार्टनरच म्हणाला, "त्यांच्याकडं पण ठेवून बघू की."